पुतळ्यापासून डावीकडे: नागपूरच्या रस्त्यावरची कला कशी पाहायची

नागपुरात पत्ता सांगताना आम्ही माणसाला पुतळ्यापाशी नेऊन सोडतो. "तुकडोजी पुतळ्याहून सरळ या, मंग कोनालेबी विचारा." "नेहरू पुतळ्याच्या मागची गल्ली." "झाशी राणीपाशी उतरा अन् फोन करा." आता त्याच चौकातून वीस वर्षं ऑफिसला जाणाऱ्या माणसाला विचारून पाहा, राणीची तलवार कोणत्या हातात आहे? तो आधी तुमच्याकडे पाहील, मग आभाळाकडे, अन् शेवटी म्हणेल, "उजव्याच असन ना बाप्पा!" म्हणजे पाहिलेली नाही.

मीही पाहत नव्हतो. मी वीज मीटरचं रीडिंग घेणारा माणूस. एकवीस वर्षं झाली. आमची नजर कायम भिंतीवर असते, कारण लोक मीटर कुठंही बसवून घेतात: जिन्याखाली, तुळशीमागे, दुकानाच्या पाटीआड, एकदा तर चक्क देवळीत, गणपतीच्या बाजूला. मीटर शोधता शोधता भिंतीवर इतर काय काय आहे ते दिसायला लागलं. मग रीडिंगच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर चार रकाने पाडले. जागा, तारीख, काय आहे, आणि काम कोणाचं. पहिले तीन भराभर भरतात. चौथा कोरा राहतो. कोनशिलेवर अनावरण करणाऱ्याचं नाव ठसठशीत, अध्यक्षांचं नाव, नगरसेवकाचं नाव, कधीकधी ठेकेदाराचंही. ज्याने चार महिने माती थापली त्याचं नाव पाहायला पायरी उतरून चौथऱ्याच्या मागे जावं लागतं, तेव्हा कुठं मिळालं तर मिळतं. खाली जे सांगतोय ते त्या चौथ्या रकान्याच्या नादाने केलेल्या भटकंतीतून आलेलं आहे.

एका सकाळी एकच तुकडा

माझा भाचा पुण्याहून कॅमेरा घेऊन आला होता. म्हणाला, मामा, रविवारी नागपूरची सगळी शिल्पं दाखवा. स्कूटरवर मागे बसवून दुपारपर्यंत त्याला चौदा पुतळे दाखवले. रात्री जेवताना तो फोटो पाहत बसला अन् दोन ठिकाणी अडला: हे कोण अन् हे कुठलं? मलाही चटकन सांगता येईना. तेव्हापासून मी एका सकाळी एकच तुकडा चालतो. स्कूटर लावून, पायी.

नवख्या माणसाने सुरुवात व्हेरायटी चौकातून करावी. रविवारी सकाळी साडेसहाला, म्हणजे सीताबर्डीची दुकानं उघडायच्या आधी. गांधीजींच्या पुतळ्यापासून निघायचं, झाशी राणी चौक बघून परत मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटकडे यायचं, तिथून झीरो माईल, पुढे संविधान चौक आणि समोर कस्तुरचंद पार्क. सरळ चाललात तर अर्धा-पाऊण तास. बघत चाललात तर अडीच तास लागतात, आणि तेवढे लागलेच पाहिजेत. पार्कच्या बाजूला तर्री पोहा खाऊन परत. पोहे आधी खाऊ नका, तर्री पोटात गेली की पाय उचलत नाहीत, हा स्वानुभव आहे.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात मात्र हिवाळी अधिवेशन कधी आहे ते पेपरात पाहून घ्या. विधानभवन झीरो माईलला लागूनच, त्यामुळे त्या दिवसांत तिथं बॅरिकेड, पोलीस आणि मोर्चे असतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, निघायचं तर डोक्याला दुपट्टा बांधून सात ते आठ, नंतर घरी. उन्हाचा प्रश्न फक्त तब्येतीचा नाही. दहानंतर सूर्य डोक्यावर आला की दगडातलं कोरीव सपाट दिसतं. सकाळचं तिरपं ऊन एक एक रेघ उचलून दाखवतं.

झीरो माईल: वाचून पाहा

झीरो माईलला लोक घोड्यांसोबत सेल्फी काढतात अन् जातात. तुम्ही दगड वाचा. १९०७ साली ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामातून हा स्तंभ उभा राहिला. वालुकाश्माचा आहे. त्याच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत दिलेली आहे, तीही दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत: १०२०.१७१. बाजूंवर गावं आणि मैल. हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, शिवनी ७९, छिंदवाडा ८३. मुंबई-दिल्लीची नावं शोधत आलेला माणूस इथं बुचकळ्यात पडतो. ही त्या काळच्या मध्य प्रांताची नजर आहे. नागपूर राजधानी होतं आणि आजूबाजूचे जिल्हे त्याला मोजत होते. एका दगडावरच्या आठ-दहा गावांच्या यादीतून आपलं शहर कोणाकडे तोंड करून बसलं होतं ते कळतं.

घोडे चार आहेत, चुन्याच्या गिलाव्यात घडवलेले. दगड कोरताना कारागीर काढत जातो, गिलाव्यात भरत जातो. एकदा गेला कण परत लावता येत नाही, ही धास्ती दगडाची. गिलाव्याची धास्ती वेगळी: पाऊस, ऊन, भेगा आणि दर काही वर्षांनी वरून मारलेला रंग. घोड्यांच्या नाकपुड्या, आयाळ, गुडघ्याच्या वाट्या जवळून पाहा. थरावर थर बसले की धार बोथट होते. आधी घोड्याची आयाळ पाहा, मग स्तंभावरची अक्षरं, म्हणजे दोन हातांतला फरक दिसेल. अक्षर कोरणारा मोजून-मापून काम करणारा होता. घोडेवाला रंगात आलेला होता.

घोड्यांवरून आठवलं. पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे पाय किती वर आहेत त्यावरून स्वार लढाईत गेला की अंथरुणावर ते कळतं, असा एक मेसेज फिरत असतो. झाशी राणी चौकात कोणी ना कोणी तो ऐकवतोच. मूर्तिकार असा काही नियम पाळत नाहीत. पुढचे दोन्ही पाय उचललेला घोडा म्हणजे सगळं वजन मागच्या दोन पायांवर. कधी त्याला शेपटीचा आधार देतात, कधी पोटाखाली झुडूप, झेंडा, खडक असं काहीतरी घालतात. कुठल्याही घोड्याच्या पुतळ्यापाशी गेलात की पहिला प्रश्न हा: हे ओझं कुठून जमिनीत उतरतंय? ते सापडलं की मूर्तिकाराने डोकं कुठं लावलं तेही सापडतं.

झीरो माईलपासून काही पावलांवर गोवारी शहीद स्मारक आहे. तिथं आवाज खाली करा. २३ नोव्हेंबर १९९४ ला, हिवाळी अधिवेशनावर आदिवासी म्हणून मान्यता मागायला आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. बायका आणि लेकरं त्यात फार होती. सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही त्यांचंच नाव आहे, पण पुलावरून गाडी जाते, स्मारकापाशी थांबावं लागतं. दर वर्षी २३ नोव्हेंबरला समाजाची माणसं गावागावांतून येतात. शिल्पकलेच्या दृष्टीने यात काय, असं मला एका शिकलेल्या माणसाने विचारलं होतं. मी म्हटलं, तेवीस तारखेला या, अन् ही जागा कोण कशी वापरतं ते बघा, मग बोलू. तो आला नाही.

पुतळ्याला प्रदक्षिणा

पुतळा समोरून बघण्यासाठी केलेला असतो, म्हणून खरी गंमत मागे. शालीच्या निऱ्या, कोटाची पाठ, टाचा, पुस्तक धरलेल्या हाताची मागची बाजू. घाईच्या कामात मूर्तिकार इथंच उरकतो आणि जीव लावणारा इथंच थांबतो. धातू आहे की फायबर ते हात न लावता कळतं. ब्राँझवर पाणी ओघळतं तिथं हिरवट रेघ येते, फायबरवर रंग पोपडे धरून उडतो. सांधे बहुतेक करून खांद्यापाशी, कोपरापाशी, कमरेच्या वस्त्राच्या घडीत लपवलेले असतात. मोठा पुतळा तुकड्यांत ओतून जोडतात, तो जोड उन्हात नीट पाहिला की दिसतो. मूर्तिकाराचं नाव कोरलेलं असेल तर ते सहसा पायाजवळ मागच्या अंगाला असतं. कोनशिलेवर शोधत बसू नका.

संविधान चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जायला मी एक वेगळा दिवस सांगतो: १३ एप्रिल, जयंतीच्या आदल्या दिवशीची सकाळ. अशा दिवशी पुतळे धुतले जातात. शिडी लागते, पाण्याचा पाइप येतो, माणूस वर चढतो अन् चष्म्याच्या कडा फडक्याने पुसतो. खालून आपण कधी न पाहिलेली उंची त्या माणसामुळे कळते. दुसऱ्या दिवशी हारांच्या ढिगात पुतळा दिसतच नाही. हीच युक्ती व्हेरायटी चौकात १ ऑक्टोबरला चालते, महालात गांधी गेटपाशी शिवरायांच्या पुतळ्याला १८ फेब्रुवारीला. महालात गेलात तर तो दरवाजाही उभा राहून पाहा. जुने लोक अजून जुम्मा दरवाजा म्हणतात. त्याच्या कमानीखालून स्कूटर, हातगाडी, वरात सगळं जातं, आणि वर बघितलं तर मागचा हॉर्न वाजवतो. पहाटे जा.

एक सावधगिरी. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची इमारत आहे, तिच्याकडे कॅमेरा रोखून उभं राहू नका, पहारेकरी विचारणारच. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तिकडेही तोच शिरस्ता. कस्तुरचंद पार्कात मात्र कोणी अडवत नाही. मैदानाच्या मधोमध जी छत्री आहे तिच्यात जाऊन बसा. सर कस्तुरचंद डागांनी दिलेलं हे मैदान सभांसाठी, सर्कशीसाठी, रावणदहनासाठी वापरून झालं, पण छत्रीच्या खांबांकडे पाहणारे मला क्रिकेट खेळणारे पोट्टेच भेटले. तेही बॉल तिकडे गेला म्हणून.

भिंत वाचायची रीत

आता माझ्या धंद्याची बाजू. भिंतीवर थर असतात. सगळ्यात वर फ्लेक्स: वाढदिवस, श्रद्धांजली, क्लासेस. त्याच्याखाली लोखंडी पाटी. पाटीखाली, नशीब असेल तर, ब्रशने लिहिलेली अक्षरं. जूनमधल्या वादळात फ्लेक्स फाटतात, तो भिंती पाहायचा मोसम. पहिला पाऊस पडून गेला की इतवारी, गांधीबाग, महालच्या गल्ल्यांतून फिरा, मान वर करून. पहिल्या मजल्याच्या उंचीवर जुनी अक्षरं टिकलेली असतात, कारण तिथवर नवा रंग देणाऱ्याची शिडी पोचत नाही आणि खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूची) पिचकारीही नाही.

ब्रशच्या अक्षरात काय पाहायचं? शिरोरेघ. फ्लेक्सवर ती फूटपट्टीसारखी असते. हाताने ओढलेली शिरोरेघ शेवटाकडे किंचित चढते किंवा उतरते. पेंटर शिडीवर कोणत्या बाजूला झुकला होता ते त्यावरून सांगता येतं. 'क्ष' आणि 'ज्ञ' बघा, तिथं प्रत्येकाची खोड वेगळी. सावलीचं अक्षर असेल तर सावली सगळीकडे एकाच बाजूला पडलीय का ते तपासा. मग उजवा खालचा कोपरा. तिथं बारीक अक्षरांत पेंटरचं नाव असायचं, कधी आडनाव नुसतं, कधी 'आर्ट्स' लावून. चौथा रकाना भरायची ही सगळ्यात सोपी जागा, म्हणून मी पाट्यांवर जीव टाकतो.

जिन्यांच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावलेल्या दिसतील, एका ओळीत गणपती, साईबाबा, क्रॉस, काबा. कला म्हणून नाही लावल्या, थुंकू नये म्हणून लावल्या. पण कोपऱ्यात कोणते देव एकत्र आलेत, त्यावरून त्या इमारतीत कोण कोण राहतं ते दाराची बेल न वाजवता समजतं. हे मी मीटरवाला म्हणून खात्रीने सांगू शकतो.

नव्या भिंतचित्रांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सी-२० च्या, म्हणजे जी-२० मधल्या नागरी संघटनांच्या गटाच्या, बैठकीसाठी पाहुणे येणार म्हणून वर्धा रोड रातोरात उजळला. खांब, भिंती, दुभाजक, सगळ्यांना रंग. त्यात चांगलं काम होतं, नाही असं नाही. रात्री दिव्याखाली शिडीवर उभ्या राहून काम करणाऱ्या पोरी मी पाहिल्यात, त्यांचा हात सरळ होता. पण किती भिंतींवर वारली! नागपूरच्या भिंतीवर वारली काऊन भाऊ? वारली लोक पालघर-डहाणूकडचे, इथून आठशे किलोमीटर. आपलं शहर १७०२ साली वसवलं ते छिंदवाड्याजवळच्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने. मग गोंड चित्र नको का?

दोन्हींतला फरक ओळखायला सोपा आहे. वारलीत गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढरं काम, माणसाचं अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, आणि डोळे-नाक नाही. गोंड शैलीत रंग भरपूर, झाड, हरीण, पक्षी मोठे, आणि त्यांचं अंग ठिपक्यांनी, बारीक रेघांनी, चंद्रकोरीसारख्या आकारांनी भरलेलं. कागदावरची ही शैली मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम यांनी नावारूपाला आणली. पुढं त्यांच्या परधान कुटुंबांतल्या माणसांनी प्रत्येकाने आपापली ठिपक्यांची नक्षी ठरवून घेतली, ती जणू सहीच. म्हणून गोंड पद्धतीची भिंत दिसली की ठिपके बघा. एकसारखे, एकाच हाताचे आणि ठराविक वळणाचे असतील तर कोणीतरी जाणतं होतं. एका हरणात तीन तऱ्हा दिसल्या तर मोबाइलवर बघून केलेलं काम.

मेट्रोचं एक सांगतो आणि पुढे जातो. दहा-वीस रुपयांत खालून न दिसणारं शहर वरून दिसतं. सीताबर्डीहून कस्तुरचंद पार्कच्या दिशेने बसा, खिडकीपाशी उभे राहा. देवळांचे कळस, गच्चीवरच्या टाक्यांवर रंगवलेले मोर आणि फुटबॉल, हे सगळं त्या उंचीचं आहे. वर्धा रोडचे खांब मात्र खालूनच, चालतच पाहा.

चितारओळ

मेट्रोच्या अॅक्वा मार्गावर चितारओळी चौक नावाचं स्टेशन आहे. तिथं उतरा. नागपूरच्या रस्त्यावरची सर्वांत मोठी कला इथं तयार होते आणि पाण्यात विरघळते. चितारी म्हणजे मूर्ती घडवणारे, रंगवणारे. आषाढापासून ओळीत पाऊल ठेवायला जागा नसते. आधी लाकडी चौकटीला तणस बांधून अंग तयार करतात. त्यावर मातीचा जाड थर. तो वाळला की तडे जातात, ते बारीक मातीने बुजवतात. मग चेहरा, बोटं, दागिने. मग पांढरा हात, त्यावर रंग. डोळे सगळ्यात शेवटी.

लोक गणपतीच्या आदल्या आठवड्यात जातात, तेव्हा मूर्ती रंगून प्लास्टिकखाली गेलेल्या असतात. तुम्ही महिनाभर आधी जा. रंगाशिवायच्या मूर्तीत हाताची ताकद दिसते. रंग चढला की चुकाही झाकतात अन् कसबही. बिनरंगाच्या शंभर गणपतींमध्ये उभं राहिलं की कळतं, पोट सगळ्यांचं सारखं, सोंडेचं पहिलं वळण प्रत्येक घराचं वेगळं. दोन-तीन वर्षं गेलात की सोंड बघून घर ओळखता येतं. काम गणपतीवर थांबत नाही. आपल्याकडे पितृपक्षात मस्कऱ्या गणपती बसतो, भोसल्यांच्या वाड्यातला १७८७ पासूनचा. त्यानंतर दुर्गा आणि शारदा. म्हणजे आषाढ ते अश्विन ओळ ओलीच.

इथं वागायचं कसं? आधी कॅमेरा खिशात. दारात उभं राहून नमस्कार करा, "काकाजी, पाहू का?" म्हणा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गळ्यात ओळखपत्र होतं. आतून आवाज आला, "मीटर मागं हाय, मांजरीच्या बाजूला."

"मीटर नाही जी, मूर्ती पाहाले आलो."

"घेनार हाय का?"

"नाही."

म्हातारबाबांनी ब्रश थांबवला नाही. "मंग बसा. घेनारे बोलतेच जास्त."

तासभर बसलो. डोळ्यांचं काम चाललं होतं. बाबा एक डोळा काढत, मग दुसऱ्या मूर्तीकडे जात, तिचा एक डोळा काढत, आणि पाच मूर्ती झाल्यावर परत पहिलीकडे येत. दोन्ही डोळे सलग काउन नाही काढत, विचारलं. म्हणाले, पहिला ओला असताना दुसरा काढला तर हात घाबरतो. तेव्हापासून रस्त्यावरच्या कुठल्याही मूर्तीचे मी आधी डोळे बघतो, दोन्ही एका जोमात उतरलेत की दुसरा घाबरलाय. नाव विचारलं तर हसले अन् मुलाचं नाव सांगितलं. पावतीबुकावर तेच असतं म्हणे.

मारबत

वर्षातून एकच दिवस नागपुरात राहायचं असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी राहा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून.  काळीचा संबंध इंग्रजांना जाऊन मिळालेल्या बाकाबाई भोसल्यांशी लावतात. पिवळी जागनाथ बुधवारीतून तऱ्हाणे तेली समाजाची. बांबूच्या सांगाड्यावर कागद आणि कापड चढवून, रंगवून, दागिने घालून उभ्या केलेल्या या प्रचंड बाया वाजतगाजत निघतात, नेहरू पुतळ्यापाशी भेटतात आणि शेवटी जाळल्या जातात. "ईडा, पीडा, रोगराई, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत!" ही आरोळी हजार गळ्यांतून अंगावर येते तेव्हा डायरी खिशात ठेवायची.

पाहायची रीत अशी. पिवळी मारबत पोळ्याच्या आधी काही दिवस दर्शनाला ठेवतात, तेव्हाच जाऊन निवांत बघा. बायका ओटी भरतात, लेकरांना पायाशी घालतात. राग आणि माया एकाच मूर्तीच्या वाट्याला येते, ते तेव्हा दिसतं. मिरवणुकीच्या दिवशी गर्दीत फक्त डोकं दिसेल. त्या दिवशी तुमचं लक्ष बडग्यांवर हवं. बडगे म्हणजे यंदाच्या वर्षाचे पुतळे: महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, परीक्षेचे पेपर फोडणारे, जे वर्षभर डोक्यात गेलं ते. आठवडाभरात पोट्टे बनवतात. नाक जरा जास्तच मोठं, हातात पाटी, पाटीवर शिव्यांच्या जवळपास जाणारी कविता. शहरातल्या कुठल्याही चौकातल्या पुतळ्यापेक्षा माणसं इथं जास्त वेळ थांबून वाचतात, हसतात, भांडतात. अन् संध्याकाळी राख.

सकाळी आठलाच इतवारीत पोचा, गाडी दूर ठेवा. शक्यतो ओळखीच्या घराची गच्ची धरा. मोबाइल पुढच्या खिशात. पांढरा सदरा घालू नका.

त्याच दिवशी तान्हा पोळा. लेकरं लाकडी नंदी सजवून निघतात, हाताएवढ्यापासून ट्रॉलीवर ओढाव्या लागणाऱ्यापर्यंत. भोसल्यांनी १८०६ पासून हा सण सुरू केल्याचं सांगतात, आणि महालात वाड्याचा मोठा लाकडी नंदी निघतो. नंदीच्या वशिंडाची गोलाई आणि मानेखालची पोळी बघा. कारखान्यातल्या नंदीची पोळी ताठ असते, सुताराच्या नंदीची लोंबते.

दीक्षाभूमी आणि बाकीचं

दीक्षाभूमीच्या स्तूपावर लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल. एवढंच: इथं चौथा रकाना भरलेला आहे. वास्तुविशारद शिव दान मल. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा घेतली तिथं उभा असलेला हा स्तूप आतून पोकळ आहे, आणि २००१ च्या १८ डिसेंबरला राष्ट्रपती नारायणन यांच्या हस्ते तो खुला झाला. आत जायच्या आधी चारही तोरणांखालून एकदा जाऊन या, सांचीची आठवण ठेवून केलेली आहेत. अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला, गर्दी लाखांत असते. त्या दिवशी स्तूप पाहता येत नाही, फूटपाथ पाहा. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी प्लास्टरचे बुद्ध आणि बाबासाहेब विकायला मांडलेले असतात, शेकड्यांनी. एकाच साच्यातले, पण चेहरा रंगवणारा हात बदलला की बुद्धाचं स्मित बदलतं. मी दर वर्षी एक घेतो. घरी सात झालेत. बायको म्हणते, आता ओळीने बसवा अन् तुम्ही पण बसा.

फोटोचं थोडक्यात. एक पूर्ण, एक मागून, एक कोपऱ्यातल्या नावाचा, आणि एक शेजारच्या दुकानाच्या पाटीसकट, म्हणजे जागा विसरत नाही. त्याच ठिकाणी सहा महिन्यांनी पुन्हा. तारीख हाताने लिहा. पानठेल्यावाल्याला विचारा, "हे कोणी काढलं?" त्याला माहीत नसेल तर त्याच्या शेजारी बसलेल्या रिकामटेकड्या काकाजींना माहीत असतं. ते आधी तुमचं गाव विचारतील. सांगा.

शेवटी एक भिंत. महालातल्या एका गल्लीत, शिलाईचं दुकान होतं तिथं. गेल्या जूनमध्ये वाऱ्याने फ्लेक्स फाडला आणि खाली सफारी सूट घातलेला माणूस निघाला, तेलरंगातला, कमरेवर हात ठेवून. कॉलरची टोकं अशी की कागद कापावा. बाजूला 'जेन्ट्स स्पेशालिस्ट', शिरोरेघ किंचित चढती. मी सवयीने उजव्या कोपऱ्याकडे गेलो. 'पेंटर' एवढं दिसलं, पुढे 'र'ला काना, अन् त्याच्यावर मीटरचा लाकडी बोर्ड. आमचाच. त्या मीटरचं रीडिंग मी अकरा वर्षं घेतलं, दर महिन्याला, त्या नावावर बॅटरी मारून.

आता स्मार्ट मीटर बसताहेत, रीडिंग आपोआप जाणार म्हणतात. त्या गल्लीचा नंबर लागला की जुना बोर्ड भिंतीवरून उतरेल. घरमालकीणबाईंना सांगून ठेवलंय, माणसं आली की आधी मला फोन करा, अन् तोपर्यंत तिथं चुना मारू देऊ नका. त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या आत आले तर बरं भाऊ, नाही तं पोरगा रंग काढनार हाय." डायरीत 'रा' लिहून पुढची जागा सोडलीय.